बुटका बांबू लावताय? आधी चर खणा

ताई, प्लायोब्लास्टस पिग्मियस हा जपानी बुटका बांबू गुडघ्याखालीच राहतो आणि उतारावरची माती छान धरून ठेवतो. पण तो जमिनीखालून पसरतो, नवखे तिथंच फसतात. माझा तर शेजाऱ्यांच्या हिरवळीत निघाला, फार वाईट वाटलं. म्हणून रोप आणण्याआधीच वाफ्याभोवती ६० सेंमी खोल चर खणून जाड प्लॅस्टिकचा पडदा उभा पुरा. वरची ५ सेंमी कड उघडी ठेवा. ती ओलांडणारे धुमारे लगेच दिसतात, तेव्हाच छाटायचे. पहिलं वर्षभर पाणी नियमित द्या. इथं इंग्लंडमध्ये मी फेब्रुवारीअखेर सगळा जमिनीसरसा कापते, मग वसंतात कोवळी, दाट पानं येतात. नवे कोंब वर आल्यावर मात्र कात्री लावू नका. आणि ओढ्याकाठी तर हा लावूच नका.