डिझाइन शिकताना छोट्या दुकानाची वेबसाइट करायला घेतली तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आहे की डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला असताना ओळखीतल्या एका दुकानाची वेबसाइट करायचं काम मिळालंय, पहिलंच आहे, तर सुरुवात कुठून करू आणि पैसे किती मागू. मी हेच गेल्या वर्षी केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपण दोघं विद्यार्थीच, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

लॅपटॉप उघडायच्या आधी दुकानात जाऊन बस. मी हे उशिरा केलं आणि त्यात माझे दहा-बारा दिवस वाया गेले.

माझं काम होतं पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या एका तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानाचं. तांबट आळी माहीत नसेल तर सांगते, पेशवाईपासून तिथं तांबट लोक भांडी घडवतायत, आजही दुपारी त्या बोळातून गेलं की आतून हातोड्यांचा ठक ठक ठक आवाज येतो. तिथली खासियत म्हणजे मठारकाम, म्हणजे भांडं तयार झालं की गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं त्यावर ओळीनं ठोके द्यायचे, एकाला एक लागून, त्यानं पत्रा कडक होतो आणि अंगावर ती चमकणारी खवल्यांसारखी नक्षी उठते. काका, म्हणजे दुकानाचे मालक, स्वतः अजून ठोकायला बसतात. व्हॉट्सअॅप आणि हिशोब त्यांची सून बघते, तिला मी वहिनी म्हणते.

मी पहिलं डिझाइन हॉस्टेलवर बसून केलं. काळं बॅकग्राउंड, वर पूर्ण स्क्रीनभर व्हिडिओ, त्यावर इंग्रजीत मोठं हेडिंग, आणि खाली स्क्रोल करत गेलं की इतिहास उलगडत जातो असं. वर्गात सगळ्यांना फार आवडलं. मग दुकानात काकांच्या मोबाइलवर लिंक उघडली. त्यांच्या फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली, त्यामुळं हेडिंग तुटून चार ओळी झालं, बाहेर ऊन, काळ्या स्क्रीनवर त्यांना स्वतःचा चेहराच दिसत होता, आणि व्हिडिओ गोल गोल फिरत बसला. काकांनी बराच वेळ बोटानं वर-खाली केलं आणि शांतपणे विचारलं, "बाळ, यात घागर कुठंय गं?"

घागर होती, पाचव्या स्क्रीनवर.

त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं. पण त्यानंतर मी दोन शनिवार आणि एक रविवार दुकानात स्टुलावर बसून काढले, हातात वही, आणि फोनवर किंवा समोर येऊन गिऱ्हाईक जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. आज उघडं आहे का. गाडी कुठं लावायची. बंब मिळतो का, आणि जुना बंब दुरुस्त करता का. पाण्याची घागर किती लिटरची आहे. तांब्या हिरवा पडला तर काय करायचं. कलई करून मिळते का. रुखवतात ठेवायला सेट आहे का. आणि सगळ्यात जास्त वेळा, केवढ्याला पडेल. इतिहास तीन दिवसांत एकानंही विचारला नाही. इतिहास टाकू नकोस असं मी म्हणत नाहीये, मी पण तो ठेवलाय आणि मनापासून लिहिलाय, पण तो आता खाली आहे आणि वर दुकानाची वेळ, पत्ता, फोन, आणि "गाडी शनिवारवाड्यापाशी लावून चालत या, आळीत चारचाकी वळत नाही" ही ओळ आहे. माझ्या मते अख्ख्या साइटवरची सगळ्यात उपयोगी ओळ ती आहे.

त्या वहीतूनच पानं ठरली. कलई आणि निगा याचं एक वेगळं पान केलं कारण त्यावर वहिनींचा रोज अर्धा तास फोनवर जायचा. पिण्याच्या पाण्याच्या तांब्याला कलई नसते, स्वयंपाकाच्या पातेल्याला आतून हवी, कलई म्हणजे भांडं तापवून नवसागर आणि कथील फिरवून आतून दिलेला थर, तो झिजला की परत करून घ्यायचा, आणि कलई नसलेल्या तांब्यात ताक, चिंच, लिंबू असलं आंबट काही ठेवायचं नाही, घासायला मात्र चिंच किंवा लिंबू-मीठच उत्तम, लगेच धुऊन कोरडं पुसायचं. हे सगळं काकांनी एका बैठकीत सांगितलं, मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि जवळजवळ तसंच्या तसं टाकलं. आता कोणी विचारलं की वहिनी त्या पानाची लिंक पाठवतात.

किमतीचा प्रश्न सगळ्यात अवघड होता आणि खरं सांगू, डिझाइनचं खरं काम मला तिथं सापडलं. ही भांडी वजनावर जातात, किलोचा भाव अधिक घडणावळ, आणि तांब्याचा भाव रोज हलतो, त्यात हातानं घडवलेल्या दोन घागरी सारख्या वजनाच्या कधीच नसतात. मी आधी सरळ किंमत लिहिली होती, तर पंधरा दिवसांत एक बाई स्क्रीनशॉट घेऊन आल्या आणि काकांनी तोटा सोसून त्याच किमतीला कळशी दिली, म्हणाले आपल्या नावानं लिहिलंय ना, मग द्यायची. मला फार वाईट वाटलं. मग आम्ही असं केलं की प्रत्येक वस्तूखाली अंदाजे वजन आणि किती लिटर हे लिहिलं, आणि गुगल शीटमध्ये एक खाना ठेवला ज्यात वहिनी त्या आठवड्याचा घडणावळीसकट किलोचा भाव टाकतात, ती शीट सीएसव्ही म्हणून, म्हणजे कोडला वाचता येईल अशी साध्या मजकुराची फाइल म्हणून, पब्लिश करता येते, साइटवरचा चार ओळींचा कोड तिथून आकडा वाचतो आणि गुणाकार करून "साधारण इतके" असं दाखवतो. बदल दिसायला काही मिनिटं लागतात, चालतं. आकडा आलाच नाही तर तिथं "आजचा भाव फोनवर विचारा" एवढंच दिसतं. वहिनींना पासवर्ड टाकून कुठल्या पॅनेलमध्ये शिरावं लागत नाही, हे महत्त्वाचं, कारण ज्या साइटचा बदल करायला तुला फोन करावा लागतो ती साइट तू नोकरीला लागलास/लागलीस की मेली म्हणून समज.

कार्ट आणि ऑनलाइन पेमेंट मी ठेवलंच नाही. लोकांना भांडं हातात घेऊन, बोटानं टिचकी मारून बघायचं असतं. प्रत्येक वस्तूखाली व्हॉट्सअॅपचं बटण आहे, दाबलं की "मला ही घागर हवी आहे" असा मेसेज वस्तूच्या नावासकट तयार उघडतो, त्याला फक्त नंबराच्या आधी 91 लावून लिंक करावी लागते, एक पैसा खर्च नाही.

आता अक्षरांबद्दल, कारण हे कॉलेजात नीट शिकवत नाहीत. दुकानाचं जुनं माहितीपत्रक डीटीपीवाल्यानं श्रीलिपीत केलं होतं, त्यातून मजकूर कॉपी केला की साइटवर नुसती रोमन चिन्हं आणि ठिपके येतात, कारण त्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात, युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखं वाचलं जाणारं अक्षरांचं प्रमाण, नसतं. कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरांत चुका राहतात, मी आणि वहिनींनी सगळं परत टाइप केलं. फॉन्ट मी 'मुक्त' (Mukta) नावाचा घेतला, 'एक टाईप' (Ek Type) या फॉन्ट करणाऱ्यांचा आहे, फुकट आहे आणि बारीक-जाड असे प्रकारही भरपूर आहेत. देवनागरीला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, अजिबात देऊ नकोस, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेव, मी 1.7 ठेवलंय, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून एमआर (lang="mr") लिहायला विसरू नकोस, काही फॉन्टांत त्यावरून ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात, आणि काकांनी तो श बघून लगेच विचारलं होतं की हे आपलं अक्षर नाही ना. माझ्या सरांच्या नजरेतून सुटलं ते त्यांनी पकडलं.

रंगाचं पण सांगते. मला साहजिकच मजकूर तांब्याच्या रंगात हवा होता. पांढऱ्यावर तो रंग मोजला तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातलं गुणोत्तर, 3.8 च्या आसपास भरला, आणि साध्या मजकुराला कमीत कमी 4.5 हवा असा वेब अॅक्सेसिबिलिटीचा, म्हणजे साइट सगळ्यांना नीट वाचता यावी यासाठीचा, नियम आहे. म्हणून अक्षरं गडद तपकिरी केली, तांब्याचा रंग फोटोंतच भरपूर आहे.

फोटो! यावर एक वेगळं उत्तर होईल. घासलेलं तांबं म्हणजे आरसा. पहिल्या सगळ्या फोटोंत घागरीच्या पोटात मी, माझी गुलाबी ओढणी आणि मागची स्कूटर. शेवटी वहिनींनी घरातनं दोन पांढऱ्या चादरी आणल्या, एक मागं आणि एक बाजूला धरली, सकाळी दहाच्या सुमारास दाराशी तिरपा उजेड येतो तेव्हा फोटो काढले. फ्लॅश मारला की मठार दिसतच नाही, सगळं सपाट होतं, उजेड एका बाजूनं तिरका आला तरच प्रत्येक ठोक्याच्या कडेला बारीक सावली पडते आणि हातकाम कळतं. एका कळशीचा मी अगदी जवळून फोटो काढला, त्यात ठोक्यांची ओळ बुडापासून गळ्यापर्यंत चढत जाते आणि गळ्यापाशी जागा कमी पडते तसे ठोके लहान होत जातात, कुठं खूण नाही, मोजमाप नाही, सगळं हातानं. तो फोटो काकांनी बराच वेळ मोठा करून बघितला आणि म्हणाले, हे माझ्या वडिलांनी शिकवलं. तोच आता पहिल्या स्क्रीनवर आहे. शिवाय प्रत्येक भांड्याशेजारी पाण्याची एक लिटरची बाटली ठेवून एक फोटो आहे, "केवढी आहे हो" हे विचारणं थांबलं. आणि फोनचे पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नकोस, वेबपी (फोटोची हलकी फाइल) करून दीडशे-दोनशे केबीवर आण, आळीत रेंज कशी असते तुला माहीत असेल.

मालकीचं आधी बघ, हे कळकळीनं सांगतेय. दुकानाची आधी गुगलवर फुकट मिळणारी एकपानी साइट होती, ती सोय गुगलनं मार्च 2024 मध्ये बंद केली आणि ती साइट गेली. त्याच्याही आधी एकानं डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नाव, घेऊन दिलं होतं, स्वतःच्या ईमेलवर, आणि तो नंतर फोनच उचलेना, मुदत संपली आणि नाव गेलं. त्यामुळं या वेळी डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) काकांच्या नावावर, वहिनींच्या ईमेलवर, पैसे त्यांच्याच यूपीआयवरून, मी फक्त शेजारी बसले. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा आकडा बघून भुलू नकोस, दुसऱ्या वर्षाचा विचार, तो बऱ्याचदा दुप्पट-तिप्पट असतो. पासवर्ड आणि मुदतीच्या तारखा दुकानातल्या लाल चोपडीच्या शेवटच्या पानावर लिहिल्यात, काका रोज उघडतात ती चोपडी. गुगल मॅपवरची नोंदही त्याच दिवशी आमच्या ताब्यात घेतली, खरं म्हणजे बरीच गिऱ्हाइकं तिथूनच येतात, साइट नंतर बघतात, तेव्हा वेळ आणि सुट्टीचा वार तिथं बरोबर आहे का ते आधी बघ.

पैशाचं. मी 15,000 घेतले, डोमेन-होस्टिंग सोडून, तीन हप्त्यांत, पहिला कामाआधी. तेवढेच घे असं नाही, पण फुकट करू नकोस, पोर्टफोलिओसाठी करते म्हटलं की बदल संपत नाहीत आणि समोरच्यालाही वेळ द्यायची गरज वाटत नाही. मी एका कागदावर मराठीत लिहून दिलं होतं की काय काय करणार, काय नाही, किती वेळा बदल करून देणार, फोटो कोण काढणार, आणि खाली दोघांच्या सह्या. काकांना आधी जरा लागलं, म्हणाले सही कशाला, घरचीच आहेस. मी म्हटलं काका, घागर देताना पावती देताच ना. मग हसून सही केली.

आणि सरांना दाखवायचं डिझाइन वेगळं नि दुकानाचं वेगळं असं दोन करत बसू नकोस. मी ज्युरीला, म्हणजे वर्षाअखेरीला काम तपासणाऱ्या परीक्षकांना, हीच साइट दाखवली आणि सोबत ती प्रश्नांची वही ठेवली, अर्धा वेळ त्यांनी वहीच चाळली.

तुझं दुकान कसलं आहे ते कमेंटमध्ये लिही. किराणा, शिवणकाम, खानावळ, प्रत्येकाचे प्रश्न वेगळे असणार. वही कशी आखली होती तिचा फोटो हवा असेल तर टाकते.