मसाल्याच्या धंद्याला महापालिका अनुदान देते का?

लालबागमध्ये तुम्ही चौघीजणी मिळून मसाले करणार, त्याला पालिकेचं अनुदान मिळेल का, असं विचारलंय. पालिकेच्या वॉर्डात बचत गटाची चौकशी जरूर करा, पण मोठा पैसा राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात आहे. अर्ज ऑनलाइन, काम जिल्हा उद्योग केंद्राकडे. शहरी भागात महिलांना प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान मिळतं, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात, उरलेलं बँकेचं कर्ज. म्हणजे १० लाखांच्या प्रकल्पात पदरचे ५० हजार. एक मेख आहे: अनुदान हातात पडत नाही. ३ वर्षं बँकेतच अडकून राहतं, धंदा चालला तर कर्जात वळतं होतं. त्यामुळे आधी बँक मॅनेजरला भेटा (माझ्या ओळखीतले बरेच अर्ज तिथेच अडले), आणि अन्न परवान्याचं काम लगेच सुरू करा.