कोड सर्चमधे डॉटने सुरू होणाऱ्या फायली का येत नाहीत?

तुम्ही विचारलंय की डॉट गिटहब फोल्डरमधला वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांची फाईल) रिपग्रेपला, म्हणजे टर्मिनलमधे कोड शोधणाऱ्या टूलला, सापडत नाही, तर तो बग नाहीये, रिपग्रेप डिफॉल्टने हिडन (डॉटने सुरू होणाऱ्या) फायली आणि गिटइग्नोरमधल्या (कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटने दुर्लक्ष करायच्या यादीतल्या) फायली दोन्ही सोडून देतं.

कमांडला डबल डॅश हिडन हा पर्याय दिला की सापडेल, पण मग डॉट गिट हे गिटचं स्वतःच्या नोंदींचं फोल्डरपण सर्चमधे येतं आणि नको ती खोगीरभरती होते. त्यापेक्षा प्रोजेक्टच्या रूटला डॉट इग्नोर नावाची फाईल बनवा, त्यात उद्गारचिन्ह लावून डॉट गिटहबचं नाव लिहा, मग हिडन न देताही तेवढंच फोल्डर शोधलं जातं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

माझं मत विचाराल तर इंडेक्स करणाऱ्या टूलने नावापुढचा डॉट बघूच नये, गिट ट्रॅक करतंय का ते बघावं. सीआयची (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेची) कॉन्फिग, लिंटरचे (कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या टूलचे) नियम हे सगळं कोडच आहे की! उलट डॉट एन्व्ह नावाच्या सेटिंगच्या फाईलमधे पासवर्ड असतात, ती चुकून कमिट झालेली असली तरी शेअर्ड इंडेक्समधे नकोच.

आणि हो, घाईत असाल तर रिपग्रेपला डॅश यूयू द्या, पण त्याने गिटइग्नोरपण धाब्यावर बसतं, म्हणजे नोड मॉड्यूल्ससकट (बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांच्या भल्यामोठ्या फोल्डरसकट) सगळं शोधत बसेल, चहा घेऊन या तोवर.