हायड्रोजनच्या गाडीसाठी थांबायचं का? सोलापूरकरांचे प्रश्न

हायड्रोजनवर इतके प्रश्न आलेत की आज दुसरा विषयच घेत नाहीये. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न: सर, मी जुळे सोलापूरला राहतो, महिन्यातून दोनतीनदा पुण्याला जावं लागतं. नवीन गाडी घ्यायचीय. मुलगा म्हणतो इलेक्ट्रिक घेऊ नका, हायड्रोजनची येणारे, दोन वर्षं थांबा. थांबू का?

काका, थांबू नका. आज भारतात शोरूमला जाऊन विकत घेता येईल अशी एकही फ्युएल सेल कार (म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज करून मोटरवर चालणारी) नाही. २०२२ च्या मार्चमध्ये गडकरी साहेब टोयोटा मिराई ह्या हायड्रोजनच्या गाडीत बसून संसदेत गेले होते, तो फोटो सगळ्यांनी बघितलाय आणि त्यामुळे लोकांना वाटतं गाडी आलीच, पण ती ट्रायलची गाडी होती. आणि गाडी उद्या आली तरी भरणार कुठं? मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, या अख्ख्या रस्त्यावर एक हायड्रोजन पंप नाही. चार्जर मात्र हॉटेलांच्या आवारात दिसायला लागलेत.

पंप होतील हो, पैसा ओतला की होतात. माझा मुद्दा वेगळाय. हायड्रोजन विहिरीतून निघत नाही, तो बनवावा लागतो. वीज वापरून पाण्यातून एक किलो काढायला ५० ते ५५ युनिट लागतात, मग तो ७०० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण ७०० पट, दाबायचा, म्हणजे धरा ६० युनिट. त्या एक किलोवर मिराईसारखी गाडी साधारण १०० किलोमीटर जाते. तेवढंच अंतर बॅटरीवाली गाडी १५ ते १८ युनिटमध्ये जाते. म्हणजे तीच वीज, तोच रस्ता, आणि खर्च तिप्पटीच्या वर, आणि ह्यात टँकरनी वाहून आणणं, पंपाचा खर्च, कुणाचा नफा काहीच धरलेलं नाही. हा फरक कंपनीनं डिझाईन सुधारलं की जाईल असा नाही, कारण विजेचा गॅस करायचा आणि गाडीत बसून परत गॅसची वीज करायची यात दोन्हीकडं गळती आहेच.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात पंप होते, लोकांनी गाड्या घेतल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत शेल ह्या तेल कंपनीनं तिथले आपले कारसाठीचे हायड्रोजन पंप बंद केले. गाडी दारात चांगली उभी आणि भरायला जागा नाही. तुमच्यावर ती वेळ यावी असं मला वाटत नाही.

प्रश्न: अक्कलकोट रोडला एक गॅरेजवाला एचएचओ किट बसवून देतो. पाण्यावर गाडी चालते, अ‍ॅव्हरेज दीडपट होतं म्हणतो. हीच फ्युएल सेल का?

नाही आणि कृपा करून बसवू नका. हा प्रश्न वेगवेगळ्या भागातून आलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ह्या किटमध्ये काय असतं ते बघा. एक प्लास्टिकची बरणी, आत स्टीलच्या पट्ट्या, सोडा किंवा कॉस्टिक टाकलेलं पाणी, बॅटरीवरून आलेल्या दोन वायरी, आणि वरून एक नळी जी एअर फिल्टरच्या पाईपात खुपसलेली. बुडबुडे येतात, गिऱ्हाईकाला दाखवतात, गिऱ्हाईक खुश. आता हिशोब करा. १२ व्होल्टवर २० अँपिअर म्हणजे २४० वॅट. ही वीज अल्टरनेटर, म्हणजे गाडीतला डायनामो, देतो आणि त्याला इंजिनच फिरवतं, त्यातही गळती आहे म्हणून इंजिनवर ४०० वॅटचा बोजा पडतो. बरणीतून निघालेल्या गॅसमध्ये उरतात दीडशे वॅट, त्यातलं इंजिन चाकाला देणार पाव हिस्सा, म्हणजे ४० च्या आतबाहेर. ४०० घेतले, ४० दिले! वर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र मिसळलेले त्या नळीत, बॅकफायर झालं तर बरणी फुटून कॉस्टिकचं पाणी उडणार. गाडीची वॉरंटी जाते ती वेगळीच.

फ्युएल सेलमध्ये काहीच जळत नाही. एका बाजूनं टाकीतला हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूनं हवा, मध्ये एक पातळ पडदा आणि त्याला दोन्हीकडून प्लॅटिनमचा हलका थर. प्लॅटिनमवर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात, प्रोटॉन पडद्यातून पलीकडं जातात, इलेक्ट्रॉनला पडदा जाऊ देत नाही म्हणून ते वायरीतून फिरून जातात, आणि ते फिरून जाणं म्हणजेच वीज, जिच्यावर मोटर चालते. पलीकडं ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी होतं. अशा एका सेलमधून गाडी चालताना पाऊण व्होल्टही निघत नाही, म्हणून नव्या मिराईत ३३० सेल एकमेकांवर दाबून बसवलेत, चादरीच्या दुकानात थप्पी लावतात तसे. पद्धत जुनीच आहे, विल्यम ग्रोव्ह ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८३९ मध्ये करून दाखवली होती. थोडक्यात पाणी हा राखेसारखा उरलेला माल आहे, इंधन नाही, आणि "पाण्यावर गाडी" असं कुणीही म्हणालं की तिथून निघायचं.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४३-४४ डिग्री होतं. ७०० बारची टाकी बाहेर उन्हात उभी, फुटणार नाही का?

टाकीची काळजी करू नका. कार्बन फायबर गुंडाळलेली असते, आणि आग लागली तर ११० डिग्रीच्या आसपास एक सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून सगळा गॅस सोडून देतो. हायड्रोजन हवेपेक्षा १४ पट हलका असल्यानं मोकळ्या जागेत झरकन वर निघून जातो. धोका बंद जागेत आहे, छताखाली साठला तर, कारण हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी पेट घेऊ शकतो, आणि ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो तसा इथं देता येत नाही, कारण त्या वासाच्या केमिकलमधलं गंधक प्लॅटिनम खराब करतं, म्हणून सगळी भिस्त सेन्सरवर.

उन्हाचा खरा त्रास रेडिएटरला आहे आणि ह्याबद्दल कुणी बोलत नाही. पेट्रोल इंजिनची बरीच उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते, कूलंटही ९०-१०० डिग्रीवर असतं. फ्युएल सेल ८० च्या आसपास चालते आणि तिची बहुतेक उष्णता कूलंटमधूनच काढावी लागते. बाहेर ४४ असताना ८० चं पाणी गार करायचं म्हणजे रेडिएटर मोठा पाहिजे, फॅन जास्त चालणार. आपल्या हवेत ह्या गाड्यांची नीट परीक्षा व्हायला पाहिजे, ती मे महिन्यात आणि एसी चालू ठेवून.

प्रश्न: आमच्या नळाला चारपाच दिवसांनी पाणी येतं. आणि तुम्ही पाण्यापासून इंधन करा म्हणता?

ताई, तुमचा राग बरोबर आहे. एक किलो हायड्रोजनला ९ लिटर शुद्ध पाणी हे रसायनशास्त्राचं गणित, शुद्ध करताना वाया जाणारं आणि कूलिंगचं धरलं तर त्याहून बरंच जास्त. एका गाडीपुरतं ते फार नाही, मिराईची ५.६ किलोची टाकी म्हणजे ५० लिटर. पण मोठा प्रकल्प उभा राहिला तर उजनी धरणावर आणखी एक वाटेकरी आला, तेव्हा पाणी कुठलं हे आधी विचारायचंच, सांडपाणी शुद्ध करून घेणार असतील तर मी बाजूनं आहे, पिण्याचं तोडून घेणार असतील तर अजिबात नाही. दुसरं विचारायचं ते वीज कुठली. कोळशाच्या विजेवर बनवलेल्या हायड्रोजननं धूर फक्त सोलापुरातून उचलून दुसऱ्या गावात नेला. आज जगात बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच होतो, वायूपासून केला तर किलोमागं ९-१० किलो कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो.

प्रश्न: सायलेन्सरमधलं पाणी पिता येतं का?

पाणीच असतं ते, पण पाईपातून आलेलं पिऊ नका.

प्रश्न: माझ्या सहा ट्रक आहेत, हैदराबाद-पुणे लाईन. मालकांनी ह्याच्याकडं लक्ष द्यावं का?

हो, आणि आजच्या सगळ्या प्रश्नांत "हो" म्हणायची जागा हीच आहे. कारला बॅटरी पुरते, पण चाळीस टनी ट्रकला दिवसभर पळवायची म्हटलं तर बॅटरीचंच वजन अडीच-तीन टन, तेवढा माल कमी आणि चार्जिंगला गाडी उभी. हायड्रोजन काही मिनिटात भरून होतो. ट्रकचा रूट ठरलेला असतो, दोन टोकांना दोन पंप असले तरी भागतं, म्हणून पंपाचं दुखणंही तिथं कमी.

२०२५ च्या मार्चमध्ये टाटा मोटर्सनं हायड्रोजनवरच्या १६ गाड्यांची चाचणी सुरू केली, त्यात पुणे-मुंबई भागही आहे. त्यात दोन प्रकार आहेत, काही फ्युएल सेलच्या आणि काही चक्क इंजिनात हायड्रोजन जाळणाऱ्या. इंजिनवाली स्वस्त पडते, तुमचा मेकॅनिक तिला हात लावू शकतो, पण गॅस जास्त खाते. कुणी विकायला आलं तर आधी हेच विचारा की दोन्हीतली कुठली, मग किलोला किती किलोमीटर ते भरलेल्या गाडीवर, आणि हायड्रोजनचा दर किती वर्षांसाठी लेखी देताय. तोपर्यंत आहे त्या गाड्या चालवा, त्या विकून मोकळं व्हायची काही घाई नाही.