तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : हवा बिघडते, मी एकटा काय करू?

प्रश्न : कापडी पिशवी वापरतो, कचरा वेगळा करतो. पण बाहेर पडलं की धूरच धूर. कारखाने बंद करणं काही माझ्या हातात नाही, मग माझ्या एकट्याने हवेत काय फरक पडणार?

उत्तर : पिशवी चालूच ठेवा, फक्त ती कचरा कमी करण्यासाठी, हवेशी तिचा फारसा संबंध नाही. हवेचं विचारताय तर आधी गाडीची चावी बघा. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर, विषारी वायू तिथे बदलून बाहेर पडतात. पण हा डबा साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट कामच करत नाही, म्हणजे थंड गाडी काढून कोपऱ्यापर्यंत जाऊन आलात तर त्या एवढ्याशा फेरीत धूर जवळजवळ तसाच बाहेर. त्यामुळे लांबच्या प्रवासाचं अपराधीपण नंतर बघू, आधी एक-दीड किलोमीटरच्या फेऱ्या पायी नाहीतर सायकलने करा. दोन-तीन कामं असतील तर एकाच फेरीत उरका.

दुसरं म्हणजे जाळणं. पालापाचोळा पेटवला की तो धुमसतो, नीट जळत नाही, आणि त्यातून पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) किंवा त्याहून बारीक कण निघतात. केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर धरली तर हे त्याच्या पंचविसाव्या भागाहूनही बारीक, नाकात न अडकता थेट फुफ्फुसात खोल जातात. त्यात पीव्हीसीची वायर किंवा पाइपचा तुकडा असला तर डायॉक्सिन नावाचं विषारी रसायनही तयार होतं. "थोडंसंच तर आहे" म्हणून लोक पेटवतात आणि ते नेमकं शेजाऱ्याच्या खिडकीखाली असतं! पाल्याचं खत करा, निदान कोपऱ्यात ढीग करून कुजू द्या.

प्रश्न : मी सकाळी गाडी दहा मिनिटं गरम करून मगच निघतो. हे तरी बरोबर ना?

उत्तर : नाही हो! उभ्या गाडीचं इंजिन सावकाश तापतं, तो डबाही सावकाश तापतो, आणि तोवर धूर तुमच्याच दारात. आताच्या गाड्यांना एवढं थांबायची गरज नाही. चालू करा, सीटबेल्ट लावा आणि निघा, फक्त पहिली काही मिनिटं ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका.