राउटर कपाटात ठेवला तरी पोराचं नेटवर्किंग थांबलं नाही

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बारावीला ५८ टक्के, सीईटीत मागे पडला, आता बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला, या कशाचंच मला टेन्शन आलं नाही, अशी कितीतरी मुलं माझ्याकडे येतात. मला खटकलं ते वेगळंच. पोरगा रात्री काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करत बसतो म्हणून तुम्ही राउटर काढून कपाटात ठेवलात, कुलूप लावलंत, आणि दिवाळीत पाहुण्यांसमोर ‘आमचा वायरमन होणार’ म्हणालात. तेव्हापासून तो घरात जेवणापुरतंच बोलतो, हेही तुम्हीच लिहिलंय, एका ओळीत, आणि लगेच पुढे एआय कोर्सच्या १ लाख ८० हजार फीचं विचारलंय. दादा, फीपेक्षा ती एक ओळ जास्त गंभीर आहे.

‘वेळ कसा घालवतो बघा’ म्हणून त्याच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात, तो मी मोठा करून अक्षर न् अक्षर वाचला. राउटर गेल्यावर त्यानं घरातले दोन जुने कॉम्प्युटर एका केबलनं थेट जोडले, दोन्हीवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. आधी ‘नो-कॅरिअर’ आलं, म्हणजे केबलमधून सिग्नलच नाही, मग केबल नीट बसवली, समोरच्या मशीनचं नेटवर्क कार्ड चालू केलं. एका मशीनला पत्ता दिला १९२.१६८.१०.१, दुसऱ्याला १९२.१६८.१.२, दोन्हीला /२४. पिंग केलं, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का ते तपासलं, तर ‘नेटवर्क इज अनरिचेबल’, तिथवर रस्ताच नाही. त्याखाली लाल पेनानं दोन रेघा. /२४ म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असले तरच मशीन एकमेकांना शेजारी समजतात, आणि इथे तिसराच आकडा वेगळा. हे त्याचं त्यालाच सापडलंय. दुसरा पत्ता १९२.१६८.१०.२ केला, उत्तर आलं, बाजूला वेळ लिहिलीय रात्री १.४०. घरात इंटरनेट नाही, शिकवायला कुणी नाही, तरी चूक शोधून दुरुस्त केली. तुम्ही तक्रार म्हणून पाठवलेलं ते पान मला फार आवडलं.

आता ‘वायरमन’बद्दल. नेटवर्किंग म्हणजे वायरी ओढणं हा समज अगदी शिकलेल्या घरांतही आहे. केबल टाकणं हे कष्टाचं आणि गरजेचं काम आहे, त्यात कमीपणा काही नाही, पण तुमचा मुलगा करतोय ते त्याच्या पुढचं. मशीनला पत्ता देणं, बाहेर जायचा रस्ता म्हणजे गेटवे सांगणं, नावावरून पत्ता शोधायला डीएनएस देणं, हे तीन नीट जमले की ‘नेट चालत नाही’ या तक्रारीत नेमकं काय बिघडलंय ते शोधता येतं. आधी गेटवेला पिंग, मग बाहेर ८.८.८.८ ला, हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता, मग एखाद्या साईटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतंय आणि नावाला नाही, तर बहुतेक वेळा घोळ डीएनएसचा असतो, केबल बदलत बसायची गरज नाही. ॲमेझॉनच्या क्लाऊडवर स्वतःचं नेटवर्क उभं करायला बसलं तरी सुरुवातीलाच पत्त्यांचा ब्लॉक विचारतात, पुढे सबनेट (त्या पत्त्यांचे छोटे गट) आणि राउट टेबल (कुठला डेटा कुठल्या रस्त्याने जाणार त्याची यादी), म्हणजे वहीतलाच विषय.

सुरुवात सोपी नसते हेही सांगते. पहिली नोकरी बहुतेक सपोर्टची, नाईट शिफ्टची, पगार बेताचा. आणि रोज दीड वाजेपर्यंत जागून सकाळचं कॉलेज बुडत असेल तर ते मला चालणार नाही, हे त्याला माझ्या नावानं सांगा.

कोर्सची फी भरू नका. ‘नोकरीची गॅरंटी’ म्हणणाऱ्यांकडे ती लेखी मागा, अटी वाचा, बहुतेक तिथेच विषय संपेल. डिग्री पूर्ण करू द्या, सोबत सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा, नंतर वाटलं तर आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट कंपनीची लिनक्सची, ती परीक्षा थेट मशीनवर काम करून द्यायची असते, या मुलाला जमेल. एमसीएची सीईटी पुढे आहेच.

राउटर आजच बाहेर काढा. आणि एका रविवारी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा, ‘हे पिंग काय असतं रे, दाखव’ म्हणा, तो बोलेल तेव्हा मध्ये फीचा, मार्कांचा, चुलतभावाचा विषय काढू नका. हाताने दिलेले ते पत्ते मशीन रिस्टार्ट केल्यावर उडतात, कायमचे कसे ठेवायचे हे त्याला सापडलं का तेवढं विचारा, पानावर ते अजून दिसलं नाही.