पहिला फ्लाय रॉड ग्लासचाच घे

ऐरोलीला राहतोस आणि फ्लाय फिशिंग शिकायचंय म्हणालास, म्हणून मनापासून सांगतो. सगळे तुला कार्बन घे म्हणतील. तू पहिला रॉड फायबरग्लासचा, हाताने बांधलेला घे. 1970 च्या दशकात कार्बन आला नि ग्लास मागे पडला, हे खरं. कार्बन हलका असतो, लांब फेकतो. पण शिकायला मला ग्लासच बरा वाटतो.

फ्लायला, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याला, स्वतःचं वजन जवळपास नसतंच, फेकायची असते ती लाईन. मागे गेलेली लाईन हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. नवशिक्याची घाई नेमकी इथेच नडते. ग्लास सावकाश वाकतो, पार मुठीपर्यंत, आणि लाईनचा भार तळहाताला कळतो. वीतभर चिलापी लागली तरी अख्खा रॉड जिवंत होतो, बघशील!

घेताना गाइडजवळ, म्हणजे रॉडवर दोऱ्याने बांधलेल्या, लाईन ओवायच्या कड्यांजवळ डोळा ने. दोऱ्याचे वेढे एकमेकांना बिलगून बसलेत का, वॉर्निशमध्ये बुडबुडे नाहीत ना? कॉर्कच्या सांध्यावरून नख फिरव, अडकता कामा नये. मी पहिला रॉड बांधला तेव्हा एकेका गाइडला अख्खी संध्याकाळ गेली होती.

पाच नंबरची लाईन पुरे; नंबर वाढेल तशी लाईन जड. आधी महिनाभर मैदानातल्या गवतावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव कर. खाडीचा वारा आणि जिताडा यांच्यासाठी हा रॉड नाही, तिथे आठ नंबर लागतो. तरी नेलासच, तर घरी आल्याआल्या गोड्या पाण्याने धू. खारं पाणी गाइड खातं.